सक्काखाना, मश्क आणि ‘सुलेखनकार’: झेंदेरूदींसाठी मराठी शब्द

कागदपत्री: इराणी चित्रकार हुसेन झेंदेरूदी (जन्म १९३७, तेहरान, १९६१पासून पॅरिस) यांच्यावरच्या मजकुराचं मराठी करताना दोन शब्दांपाशी अडलोय. ‘सक्काखाना’ चित्रशैलीला ‘पाणपोई शैली’ म्हणावं का? आणि त्यांना ‘सुलेखनकार’ म्हटलं तर चालेल का?

दौतटाक: सक्का म्हणजे पाणी वाहणारा, आपला भिस्ती. ‘खाना’ कारखान्यातला, पेशवाईतल्या आबदारखान्यातला. तेव्हा पाणपोई शब्दशः बरोबर, पण अर्धीच. इराणी बाजारातल्या गल्लीत भिंतीत कोनाडा, त्यात पाण्याची कुंडी, साखळीला अडकवलेला पितळी वाडगा, पुढे जाळी. करबल्याच्या लढाईत इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचं पाणी तोडलं होतं, त्या तहानेची ती आठवण असते. जाळीला नवसाची कुलुपं आणि चिंध्या, आत मेणबत्त्या, वर धातूचा पंजा. पाणी आणायला गेलेल्या अब्बासांचे (हुसेन यांच्या भावाचे) हात तोडले गेले, तो संदर्भ. मोहरममधले पंजे आपल्याकडेही गावोगाव निघतात, म्हणून मराठी वाचकाला हे चटकन कळेल. मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करा. ही चित्रं पाहून असा कोनाडा आठवला म्हणून समीक्षक करीम इमामी यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शैलीला हे नाव दिलं, चित्रकारांनी स्वतःला घेतलेलं नाही.

नुक्ताचीं: ‘सुलेखनकार’ नको. नस्तालीक या फारसी सुलेखनशैलीत सगळं माप नुक्त्याचं. कलमेचं टोक पूर्ण रुंदीत टेकवून ओढलं की तिरका चौकोन उमटतो, तो एक नुक्ता. अलिफ तीन नुक्ते उंच. कलम बदलली की नुक्ता बदलतो आणि त्याबरोबर सगळ्या अक्षरांचं मापही. झेंदेरूदींचं १९६२चं ‘के+एल+३२+एच+४’ (उपशीर्षक ‘माझे वडील आणि मी’, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात) फेल्ट पेनने काढलंय. फेल्ट पेनचं टोक गोल, त्यातून बोरूची जाड-बारीक रेघ येतच नाही. तिथे नुक्त्याचं माप लावणार कशाला?

त्या चित्राचं मूळ सुलेखनाच्या वहीत शोधू नका, ताइतात शोधा. घरं पाडलेले चौकोन, त्यात आकडे आणि अक्षरं. अब्जद या अरबी अक्षरगणनेत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. आपला ‘ताईत’ मुळात अरबी ‘तावीज’च, त्यामुळे इथे शब्द शोधायची गरजच नाही.

कागदपत्री: मग पुढच्या कॅनव्हासांवर तीच तीच अक्षरं दाटीने येतात, त्याला ‘सियाह-मश्क’ म्हटलंय. ‘काळा सराव’ लिहू?

दौतटाक: नको, काळा बाजार वाटेल! सियाह म्हणजे काळा (आपली शाई त्यातलीच), मश्क म्हणजे सराव. जुने खुशनवीस (सुलेखनकार) एकाच कागदावर, तो फिरवत फिरवत, अक्षरं एकमेकांवर गिरवत. शेवटी कागद काळा होई. एकोणिसाव्या शतकात मिर्झा गुलामरझा इस्फहानींसारख्यांनी त्यालाच स्वतंत्र कलाकृतीचा मान मिळवून दिला. ‘कित्ता’ही चुकेल, कित्त्यात ओळ पाळायची असते. ‘गिरवून काळा केलेला कागद’ असं सरळ लिहा.

एक खड्डा मात्र आहे. भिस्त्याची पखालही ‘मश्क’च. फारसीत सरावाच्या मश्कला शेवटी क़ाफ (ق), पखालीच्या मश्कला साधा काफ (ک). देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. सक्काखान्याच्या परिच्छेदातच ‘मश्क’ आला तर वाचक नक्की पखाल समजेल. आणि ‘मशक’ लिहिलंत तर डास.

नुक्ताचीं: शाईवरून आठवलं, मजकुरात जुन्या शाईची कृती असेल तर तीही तपासा. परंपरेतलं माप असं: काजळीइतका हिराकस, त्या दोघांइतकं मायफळ, तिघांइतका डिंक. म्हणजे १ : १ : २ : ४. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं, जास्त झाला तर शाई कलमेवरून उतरत नाही. कृतीच्या शेवटी ‘जोर-ए-बाजू’ येतं, त्याचं ‘बाजूचा जोर’ करू नका. फारसी बाजू म्हणजे हाताचा दंड, आपल्या बाजूबंदातला. शाई तासन् तास घोटायची असते, त्यासाठी.

कागदपत्री: ‘बाजूचा जोर’ लिहून झालं होतं. खोडतो. आणि ‘सुलेखनकार’च्या जागी ‘अक्षरांतून चित्र घडवणारे’.

दौतटाक: नुसतं ‘चित्रकार’ पुरे.