ब्रा न घालता वावरताना स्तनाग्रे कपड्यांतून दिसू नयेत यासाठी काय करता येईल?

प्रश्न : मोकळा_श्वास

गेल्या काही महिन्यांपासून मी घरी ब्रा वापरणे पूर्णपणे थांबवले आहे. पूर्वी खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठत असत, तारेच्या घर्षणाने स्तनांखालची त्वचा काळवंडली होती, आणि संध्याकाळी हुक काढेपर्यंत दिवस संपल्यासारखे वाटत नसे. आता ते वळ गेले आहेत. हाच मोकळेपणा कामाच्या ठिकाणीही मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु तेथील वातानुकूलित खोलीत शिरले की स्तनाग्रे ताठ होतात आणि शर्टावर स्पष्ट उमटतात. मग बैठक संपेपर्यंत मी हातांची घडी घालून बसते, किंवा वही छातीशी धरून चालते, आणि समोरची व्यक्ती काय बोलत आहे याकडे माझे निम्मेच लक्ष असते.

माझे स्तन मध्यम आकाराचे असल्यामुळे आधाराची उणीव मला फारशी जाणवत नाही. एकदा चिकटवण्याची निपल कव्हर्स वापरून पाहिली होती, पण दुपारपर्यंत त्यांतील एक घामाने सुटले आणि शर्टाच्या आत घसरत कमरेपाशी आले. त्या दिवसापासून त्यांच्यावर विश्वास ठेवण्याचा धीर होत नाही. शिवाय ब्रा सोडल्यास स्तन ओघळतात, असे माझ्या मोठ्या बहिणीने मला बजावले आहे. यात तथ्य किती आहे, आणि रोज निभावेल असा उपाय कोणता, हे कृपया अनुभवी मैत्रिणींनी सांगावे.

उत्तर : अस्तर_आणि_टीप

कव्हर्सचा विचार नंतर करावा, आधी कापडाकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. स्तनाग्राचा उंचवटा मुळात लहानसा असतो, आणि कपड्यावर आपल्याला जे दिसते ती बहुतांशी त्या उंचवट्याच्या एका बाजूला पडलेली सावली असते. फिक्या, एकरंगी, गुळगुळीत आणि अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडावर ही सावली सर्वांत ठळक उमटते. गडद रंगाच्या, जाड विणीच्या, उभ्या रेघांच्या किंवा बारीक छपाईच्या कापडावर ती नजरेला सापडतच नाही. टी-शर्टाच्या कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, हे अनेकदा विक्रीच्या माहितीत दिलेले असते. माझ्या अनुभवानुसार 140 ग्रॅमच्या आसपासचे कापड जवळजवळ काहीच लपवत नाही, तर 200 ग्रॅमच्या पुढचे कापड, ते अंगाला घट्ट बसत नसेल तर, एकट्याने काम भागवते.

तुमच्याकडे असलेले शर्ट टाकून देण्याचे कारण नाही. छातीच्या भागाला आतून मऊ सुती कापडाचे अस्तर लावून घ्यावे. हे अस्तर वरच्या बाजूने खांद्याच्या शिवणीत आणि कडेने काखेखालच्या शिवणीत पकडावे, परंतु स्तनांच्या चार बोटे खाली येणारी त्याची कड शर्टाला न जोडता मोकळी सोडावी. ही कड शर्टाला टिपली, तर बाहेरून टिपेची आडवी रेघ दिसते, आणि दोन्ही कापडे एकत्र ताणली जाऊन उंचवटा पुन्हा वर येतो. ती मोकळी राहिली, तर आतले कापड अंगाबरोबर हलते आणि बाहेरचे आपल्या जागी शांत पडून राहते. अस्तराचे कापड शिवण्यापूर्वी एकदा अवश्य धुवावे. मी पहिल्या वेळी ते केले नव्हते. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले आणि समोरून एका चांगल्या शर्टाला कायमच्या चुण्या पडल्या. पांढऱ्या शर्टाला पांढरे अस्तर लावू नये, कारण त्याची कड बाहेरून कळते. आपल्या त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते कापड पांढऱ्याखाली दिसेनासे होते.

आणखी एक गोष्ट, कारण बहुतेक जणी येथेच फसतात. खिडकीकडे तोंड करून आरशात पाहिले तर सगळे ठीक वाटते, कारण समोरून पडणारा प्रकाश सावली पुसून टाकतो. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहावे, थंड पाण्यात हात बुडवून मग शर्ट चढवावा, हात वर करावेत, खांदे मागे घ्यावेत आणि तेव्हा पाहावे. या परीक्षेत जो कपडा उतरतो, तो दिवसभर दगा देत नाही.

उत्तर : त्वचेशी_मैत्री

अस्तराचा सल्ला मलाही पटतो. मात्र पाठ उघडी असलेल्या किंवा झिरझिरीत कपड्यांखाली अस्तर लावता येत नाही, आणि तेथे कव्हर्स उपयोगी पडतात. तुमचे कव्हर घसरले याचे कारण बहुधा त्वचेवरचा तेलकटपणा किंवा ओल असावी. छातीवर लोशन, तेल किंवा पावडर यांचा अंशही नसावा, आणि आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी होऊन अंगाची ऊब उतरेपर्यंत थांबावे. कव्हर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळापेक्षा सर्व बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर मोठे असावे, म्हणजे त्याची कड वर्तुळाच्या सुरकुतलेल्या त्वचेवर न येता बाहेरच्या सपाट त्वचेवर बसते. थंडीने किंवा स्पर्शाने स्तनाग्रातील आणि त्या वर्तुळातील सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि त्यामुळे स्तनाग्र ताठ होते. ही क्रिया आपल्या इच्छेवर चालत नाही, म्हणून तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. तळहात काही क्षण हलकेच टेकवून ऊब दिली की स्नायू सैल पडतात. त्यानंतर कव्हरची कड बाहेरच्या बाजूला उलटी दुमडावी, मधला भाग आधी टेकवावा आणि मग कडा बाहेरच्या दिशेने बोटाने सपाट करत जावे. कडेकडे कागदासारखी पातळ होत जाणारी आणि चकाकी नसलेली कव्हर्स घ्यावीत. जाड कडेच्या कव्हरचे गोल वर्तुळच कपड्यावर उमटते.

ती रोज वापरण्याची वस्तू नव्हे, हे मी स्वतः सोसून शिकले. एका समारंभात सकाळपासून रात्री उशिरापर्यंत, म्हणजे सुमारे 14 तास, मी ती तशीच ठेवली होती, आणि काढताना घाईने ओढली. दोन्ही बाजूंना कव्हरच्या आकाराचे लाल, खाजरे चट्टे उठले आणि एका कडेला त्वचा सोलली गेली. जवळपास आठवडाभर मऊ सुती कपड्याखेरीज काही सहन होत नव्हते. आता मी सहा तासांवर ती ठेवत नाही, कडेला खोबरेल तेलाचे बोट लावून ती सावकाश सोडवते, सौम्य साबणाने हलक्या हाताने धुते आणि चिकट बाजू वर ठेवून हवेवर वाळवते. टॉवेलने पुसल्यास धागे चिकटतात आणि चिकटपणा संपतो. त्वचेवर आधीपासून पुरळ, इसब किंवा चीर असेल, तर काहीही चिकटवू नये. स्तनपान करणाऱ्या आईने दूध झिरपत असताना चिकट कव्हराऐवजी धुता येणारी सुती गोल घडी ठेवावी, आणि ती ओली होताच बदलावी.

जाता जाता एक विनंती. एकाच बाजूचे स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले, त्यातून रक्तमिश्रित स्राव आला किंवा त्यावर न भरणारी खपली धरली, तर ती कपड्याच्या किंवा कव्हरच्या घर्षणामुळे आली असेल असे समजून बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर : भार_आणि_आधार

ओघळण्याविषयी लिहिते. स्तनांना आतून जे तंतुमय धागे धरून ठेवतात, त्यांना ब्रिटिश शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांच्या नावाने ओळखले जाते. वाढते वय, गरोदरपणे, वजनातील मोठे चढउतार, धूम्रपान आणि स्तनांचा मूळ आकार यांमुळे स्तन खाली येतात. ब्रा घातल्याने हे थांबते असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे बहिणीच्या काळजीचा आदर ठेवूनही तुम्ही निश्चिंत राहू शकता. धावताना किंवा उड्या मारताना मात्र आधार घ्यावा, कारण त्या वेळी स्तन वर-खाली, आडवे आणि पुढे-मागे अशा तिन्ही दिशांनी हलतात आणि नंतर दुखतात.

माझे स्तन जड आहेत, आणि तुमच्याइतक्या सहजपणे मला ब्रा सोडता आली नाही. दुपारनंतर पाठ भरून येई, आणि स्तनांखालच्या घडीत घाम साचून त्वचा लाल होई. शेवटी छातीखाली रुंद, मऊ पट्टा असलेला आणि समोर दुहेरी कापडाचा कॅमिसोल, म्हणजे बारीक पट्ट्यांचा बिनबाह्यांचा आतला कपडा, मला मानवला. त्याला हुक नाही, तार नाही. घडीत कापड येत असल्यामुळे घाम टिपला जातो, आणि दुहेरी कापडामुळे स्तनाग्रेही झाकली जातात. ज्यांना पूर्ण मोकळे राहणे जमत नाही, त्यांनी त्यात स्वतःचा पराभव मानू नये, एवढे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते.

मोकळा_श्वास

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी खिडकी डावीकडे ठेवून, हात थंड पाण्यात बुडवून चार शर्ट तपासले. उभ्या रेघांचा गडद निळा शर्ट आणि छातीवर दोन्ही बाजूंना खिसे असलेला करडा शर्ट, हे दोन्ही उत्तम उतरले. दोन फिक्या शर्टांनी सारे काही दाखवले. ते दोन्ही अस्तरासाठी बाजूला काढले आहेत. एक शंका राहिली : मोकळ्या सोडलेल्या कडेला दुमड घातली, तर तिचीच जाडी बाहेरून दिसणार नाही का?

अस्तर_आणि_टीप

दिसेल, म्हणून दुमड घालू नये. कड एकेरीच ठेवून तिच्यावर बारीक नागमोडी टीप मारावी आणि टिपेबाहेरचे धागे कापून टाकावेत.