शाळेत साथ नाही, सोसायटीत नाही, मग कांजिण्या आल्या कुठून?

सोऱ्या_आणि_चकली:
मंगळवारी रात्री थोरल्याचं (वय ७) अंग तापलं. बुधवारी अंघोळ घालताना पोटावर लाल पुळ्या दिसल्या. मला वाटलं डास चावले. दुपारपर्यंत त्यातल्या काही पाण्याने टरारल्या, केसांतसुद्धा. डॉक्टर म्हणाले कांजिण्या. वर्गात विचारलं, कुणालाच नाहीत. धाकटी चार वर्षांची. लस दोघांचीही राहिली. सरकारी लसीकरणात ती नाही, विकतची घ्यायला मी टाळाटाळ केली. रविवारी नणंदेचं डोहाळजेवण आमच्याकडे आहे. आणि सासूबाईंनी अंघोळ, फोडणी दोन्ही बंद केलंय.

खमंग_काकडी:
फोडणीचं त्यांचं ऐका, त्याने काही बिघडत नाही. अंघोळ मात्र घाला, कोमट पाण्याने, न चोळता, आणि अंग टिपून घ्या. नखं आजच कापा, फोड खाजवून चिघळले की वण राहतात. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. धाकटीला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस मिळाली तर कांजिण्या टळू शकतात, आल्या तरी हलक्या येतात. आणि लागण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच होते, म्हणजे तुमचे दिवस मोजायला सुरुवात झालीय.

निवृत्त_परिचारिका:
घरात इतक्यात कुणाला नागीण झाली होती का गं? विषाणू तोच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. त्या फोडांतलं पाणी लागलं की पोराला कांजिण्या, १० ते २१ दिवसांनी.

सोऱ्या_आणि_चकली:
अहो, सासूबाईंनाच झाली होती! दोन आठवडे झाले असतील. बरगडीखाली फोडांचा पट्टा. त्यावर गेरूचा लेप, आणि तो लावायचा मान थोरल्याचा. बोटाने लावता लावता विचारायचा, "आजी, हिचं तोंड कुठंय?" विळखा पुरा होतो की काय, या धास्तीत आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो.

धाकटीला काल लस दिली. नणंदेच्या नाकावरचा खड्डा चौथीतल्या कांजिण्यांचाच आहे, तरी तिच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितलीय. डोहाळजेवण पुढे ढकललं, याच्या सगळ्या खपल्या धरल्याशिवाय कुणाला घरात घ्यायचं नाही. सासूबाईंना गेरूचं अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

निवृत्त_परिचारिका:
सांगूच नकोस. आता लेप नको, एवढंच म्हण.