उघड्यावरची मैफल म्हणजे शिक्षा? (चर्चा)

तापीकाठ
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "जानेवारीत उघड्या मैदानावर गाणं ठेवणं म्हणजे पैसे देऊन कुडकुडणं. मागच्यांना ऐकू येत नाही, तबला उतरतो, दहाला पोलीस येतात. खान्देशात मैफली बंद सभागृहातच व्हाव्यात."

अहो, जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह खुलं आहे ते काय पैसे कमी पडले म्हणून? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, पुढे पावसाळा. संध्याकाळी उघड्यावर बसायला मिळतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. तेही सोडायचं?

ऐकू येत नाही, कारण जागा चुकते. पुढच्या तीन रांगा मिळाल्या की लोक खूश. पण मोठे स्पीकर दोन्ही कडांना उंचावर, त्यांचा आवाज या पुढच्या रांगांच्या डोक्यावरून जातो. मंचाच्या काठावर छोटे स्पीकर ठेवले नसतील तर तिथे नुसता तबला आणि कलाकारांच्या मॉनिटरचा (त्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरचा) गलका. साउंडवाल्याच्या टेबलाच्या दोन रांगा पुढे बसा. तो जे ऐकून लावतोय तेच तुम्हाला मिळेल. आणि बुडाखाली जाड आसन घ्या, थंडी पायरीतून चढते. कानटोपी घालून गाणं ऐकणाऱ्यांना मात्र नमस्कार. निषादाचा सूर कुठला पोचणार तिथे?

धुळेकर_७७
"परवा इथे एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. टेबलाजवळच्या दोन रांगांत माणसं मावणार चाळीस. बाकीच्या हजारांनी काय करायचं? मागे तोंड हलताना आधी दिसतं, सूर नंतर येतो.

फेडर_खाली
दादा, तो दोष मैदानाचा नाही, साउंडवाल्याचा. १२ अंशांना आवाज सेकंदाला साधारण ३३९ मीटर जातो. मंचापासून ४० मीटरवर मागचे स्पीकर उभे केले तर मंचाचा आवाज तिथे ११८ मिलिसेकंदांनी पोचतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्त, म्हणजे कानाला आवाज मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. उशीर दिलाच नाही तर प्रत्येक शब्द दोनदा. तान तर चिखल होते. मागे बसल्यावर "सा" दोनदा ऐकू आला की मध्यंतराची वाट पाहू नका, टेबलाशी जाऊन सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

धुळेकर_७७
दुपारच्या उन्हात साउंड चेक करतात आणि रात्री थंडीत वाजवतात. मग गणित बिघडत नाही का?

फेडर_खाली
बिघडतं. ३० अंशांना सेकंदाला सुमारे ३५० मीटर, म्हणजे ४० मीटरला फरक पडला चार मिलिसेकंद. तेवढ्याने कुणाची तान मोडत नाही. रडायला दुसरं कारण शोधा.

गजरा_हातोडी
मूळ आक्षेपातलं "तबला उतरतो" मात्र अर्धवट आहे. तबल्याचा सूर नुसत्या थंडीने उतरत नाही, दमटपणाने उतरतो. हिरवळीवर मंच असेल तर नऊनंतर दव धरतं, पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल पिते, सैल पडते. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, वरून हातोडी मारून तात्पुरता चढवता येतो. फार उतरला तर गठ्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, खाली ठोकावे लागतात, आणि ते गाणं चालू असताना होत नाही. पूर्वी मंचावर हजार-हजार वॅटचे हॅलोजन असायचे, त्यांच्या धगीने पुडी कोरडी राहायची, उलट चढायची. आता सगळे एलईडी. ऊब नाही, फक्त जांभळा उजेड. गवई जांभळा कशाला दिसायला हवा, हे एकदा आयोजकांनी सांगावं.

सूरपेटी
थंडीत सूर चढतो हो. तंबोऱ्याची तार आकसते, ताण वाढतो, सूर वर जातो. पेटीच्या पितळी पट्ट्याही किंचित चढतात. उतरतो वगैरे अफवा आहेत.

वेणूरव
अफवा? बासरी घ्या. आत हवेचा खांब आहे. हवा गार झाली की आवाजाचा वेग घटतो, बासरी उतरते. एका अंशाला साधारण तीन सेंट (शंभर सेंटचा एक अर्धस्वर), म्हणजे दहा अंश पडले तर जवळपास तृतीयांश अर्धस्वर. श्वासाने ती तापते म्हणून वाजताना कमी जाणवतं. दोन आवर्तनं खाली ठेवली की पुन्हा गार. तुमची पेटी वर, बासरी खाली, आणि लोक म्हणतात बासरीवाला बेसूर.

सूरपेटी
बेसूर असेल तर म्हणणारच. फुंकेचा कोन बदलून सावरता येतं ना?

वेणूरव
सावरतात, थोडंफार. तुमची पेटी सावरते का? तिच्यापुढे सगळ्यांनी वाकायचं, कारण तिला मंचावर लावता येत नाही. एवढ्यासाठीच बासरीच्या मैफलीत पेटी नको.

सूरपेटी
पेटी काढायची मोहीम आकाशवाणीनेही चालवली होती, १९४० मध्ये बंदीच घातली. पुढे उठवावी लागली. तुमच्या आधी मोठमोठे थकले.

तापीकाठ
मंडळी, विषय उघड्यावरच्या मैफलीचा होता.

अहिरानी_पोरगं
तुमनं सगळासनं खरं शे. मंग बासरीवाला घोंगडीमा गुंडाळीसन बसाडा, तबलाले शेगडी द्या, पेटी घर ठेवा. सत्कार चालू व्हतस तवलोंग सगळं लागी जाई.

धुळेकर_७७
सत्कार! आता मुद्द्यावर आलात. साडेसहाची वेळ छापायची, दीपप्रज्वलन सव्वासातला, मग शाल-श्रीफळाची रांग, गवई बसणार आठ वाजता. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस, त्यातले बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. म्हणजे पावणेदहाला भैरवी, आणि मालकंस, दरबारी हे उशिरा रात्रीचे राग फक्त यूट्यूबवर. बंद सभागृहाला ही दहाची अट नाही. म्हणून म्हणत होतो.

फेडर_खाली
त्यातलं अर्धं मान्य. पण शेजारीपाजारी तक्रार का करतात तेही पाहा. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, सूर्य बुडाला की जमीन झटकन गार होते. खाली थंड हवा, वर उबदार. त्यात आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि दुपारी जिथे काही पोचत नाही त्या कॉलनीत रात्री शब्द न् शब्द ऐकू येतो. उपाय म्हणजे दोन थोराड भोंग्यांऐवजी मैदानात थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर, तोंडं खाली झुकवलेली. हद्दीवर ७५ डेसिबलच्या वर जायचंच नाही, आणि वस्तीची मर्यादा आणखी कमी. पुढच्यांचे कान फोडून मागच्यांना ऐकवायची पद्धत सोडली तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

धुळेकर_७७
निम्म्या का होईना. सहा वाजता गवई बसवणारा आयोजक सापडला तर कळवा, आसन घेऊन येतो. टेबलाजवळची जागा धरून ठेवा.

गजरा_हातोडी
आणि मंच हिरवळीवर नको. फळ्या जमिनीपासून तीन फूट वर, वर जाड सतरंजी, मागून कापडाचा आडोसा. डोक्यावर नुसतं छत असलं तरी दव पुडीवर उतरत नाही.

सूरपेटी
पेटी ठेवायला जागा सोडा.