दुर्मिळ कॅन्सरच्या पेशंटला ठरलेली तज्ज्ञ नर्स हवीच का?

गिरगावची_लेक:
माझं मत आधीच मांडते. दुर्मिळ कॅन्सरचं निदान झालं की पेशंटला एक ठरलेलं माणूस मिळायला हवं: त्या आजाराचं खास प्रशिक्षण घेतलेली नर्स, जिचं नाव आणि नंबर फाइलवर लिहिलेला असेल. डॉक्टरांच्या जागी नव्हे, डॉक्टरांच्या जोडीला.

माझ्या मामांना जिस्ट आहे. जठर किंवा आतड्याच्या भिंतीत होणारा हा ट्यूमर. ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात झालं आणि इमॅटिनिबच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवणासोबत, हे कुणीच सांगितलं नाही. मळमळ सुरू झाली, मग डोळ्यांखाली सूज आली. घरच्यांना वाटलं किडनी गेली. मामांनी परस्पर गोळी बंद केली. पुढे दुसऱ्या रुग्णालयात एका सिस्टरनी पाच मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं: गोळी जेवतानाच घ्या, वर मोठा ग्लासभर पाणी प्या. डोळ्यांची सूज या औषधाने येते, सकाळी जास्त दिसते. रक्ततपासणी करून घ्या, पण न विचारता गोळी थांबवू नका. मामा त्या रात्री नीट जेवले.

इंग्लंडमध्ये २०१० पासून कर्करुग्णांच्या अनुभवाचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. ज्यांना अशी स्पेशालिस्ट नर्स मिळते ते आपल्या उपचारांबद्दल जास्त समाधानी असतात, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलंय. मग मुंबईत, जिथे देशभरातून पेशंट येतात, तिथे हा आग्रह का धरू नये?

रेसिडेंट_डॉ:
ताई, मामांच्या बाबतीत झालं ते चूकच. तरीही मी विरोधात आहे.

एक म्हणजे, जिथे स्पेशालिस्ट नर्स असते तिथे बहुधा अनुभवी सर्जन आणि ट्यूमर बोर्डही (वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून उपचार ठरवणारा गट) असतो. मग समाधान नर्समुळे की एकूण व्यवस्थेमुळे, हे सर्वेक्षणातून कसं ठरवणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसा. तो मर्यादित आहे, आणि दुर्मिळ कॅन्सरमध्ये पहिली चूक निदानातच होते. जिस्टच घ्या. गाठीच्या जीनमधला बदल, म्हणजे म्युटेशन, एक्सॉन ११ या भागात असेल तर इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमला सहसा छान काम करतं. एक्सॉन ९ असेल तर ८०० चा विचार करावा लागतो. पीडीजीएफआरए जीनमधलं डी८४२व्ही असेल तर या गोळीचा जवळजवळ उपयोगच नाही. म्युटेशनची ही टेस्ट न करता वर्षभर गोळी गिळणारे पेशंट मी पाहतो. त्यांना समजावणाऱ्या माणसाआधी ही टेस्ट द्या, चांगला पॅथॉलॉजिस्ट द्या.

गिरगावची_लेक:
डॉक्टर, टेस्ट हवीच. पण तिच्यासाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कोण आणणार?

ओपीडीत सांगतात, "पहिल्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या." चिपळूणहून आलेल्या माणसाला ब्लॉक म्हणजे काय हे ठाऊक नसतं. माझ्यासमोर एका काकांनी रुमालात गुंडाळलेल्या दोन काचा काढल्या, त्यातली एक तडकलेली. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा तिकडे लॅबमध्येच राहिला होता. काका पुन्हा गावी गेले, लॅब म्हणाली डॉक्टरांची चिठ्ठी आणा. या धावपळीत तुमची ती टेस्ट लांबते. कुठला कागद कुठून, कुणाच्या सहीने मागायचा हे जाणणारं माणूस मिळालं तर निदानच लवकर होईल. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी म्हणताय, मला त्या एकच वाटतात.

वॉर्ड_सिस्टर:
मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ऑन्कोलॉजी नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केलाय आणि सध्या ड्यूटी कॅज्युअल्टीत आहे. शिकलो एक, नेमणूक दुसरीकडे, हे आमच्याकडे नेहमीचंच.

म्हणून मला या मागणीची भीती वाटते. वेगळं पद, वेगळा पगार, ठरलेले तास नसतील तर "ठरलेली नर्स" म्हणजे वॉर्ड सांभाळून स्वतःच्या मोबाइलवर रात्री अकराला उत्तरं देणारी बाई. टाटा मेमोरियल आणि टिसने (टाटा समाजविज्ञान संस्था) मिळून 'केवट' हा पेशंट नॅव्हिगेशनचा वर्षभराचा डिप्लोमा सुरू केला, ते मला जास्त पटतं. नोंदणी, योजनांचे फॉर्म, राहायची सोय, पुढची तारीख ही कामं अशा नॅव्हिगेटरना द्या. नर्सला नर्सिंग करू द्या.

बदलापूर_लोकल:
मी स्वतः पेशंट, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. चेहरा अचानक लाल व्हायचा, जुलाब व्हायचे. सगळे म्हणायचे पाळी जायचं वय झालं, पोट नाजूक आहे.

सिस्टर, नॅव्हिगेटर हवेतच. पण महिन्याचं इंजेक्शन घेतल्यावर पुढचा डोस येण्याआधीच जुलाब वाढले तर थांबायचं की कळवायचं? परळला ल्युटेशियम थेरपी (किरणोत्सारी औषधाचा उपचार) झाली, आता घरातल्या लहान नातवाला किती दिवस जवळ घ्यायचं नाही? हे फॉर्म भरणाऱ्या मुलीला विचारून चालत नाही, आणि एवढ्यासाठी प्रोफेसरांचा नंबर लागत नाही.

रेसिडेंट_डॉ:
काकू, यासाठी पेशंट गट आहेत की. सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आणि जिस्टसाठी 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' मुंबईतूनच चालतं. प्रत्येक दुर्मिळ कॅन्सरला एक नर्स कुठून आणायची?

बदलापूर_लोकल:
गटाने मला धीर दिला, तो नाकारणार नाही. या आजाराचं नावही कुणी ऐकलेलं नसताना तिथे बोलता आलं. पण आमच्या आजाराच्या हळू वाढणाऱ्या ग्रेड १ आणि झपाट्याने वाढणाऱ्या ग्रेड ३ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्षानुवर्षं बरी असलेली बाई प्रेमाने सांगते "मी काहीच केलं नाही", आणि ते ऐकून नवी बाई स्कॅन पुढे ढकलते. तिथे थांबवणारं जाणतं माणूस लागतं.

गिरगावची_लेक:
संख्येबद्दल बोलायचं तर, युरोपात वर्षाला लाखात ६ पेक्षा कमी नवे रुग्ण असलेल्या कॅन्सरला दुर्मिळ म्हणतात. असे सगळे एकत्र केले तर तिथल्या एकूण कॅन्सरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होतात. प्रत्येक आजाराला वेगळी नर्स मी मागतच नाही. सार्कोमा (हाडं, स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींचा कॅन्सर) आणि जिस्टला एक, न्यूरोएंडोक्राइनला एक, तेही मोठ्या केंद्रांतच. फोनवर त्या बदलापूरपासून बुलढाण्यापर्यंत पुरतील. सिस्टरांचं मात्र पूर्ण पटलं. पद मंजूर न करता हे काम कुणाच्या गळ्यात मारायला माझाही विरोध आहे.

रेसिडेंट_डॉ:
मर्यादित पैशात आधी टेस्ट, हे माझं म्हणणं कायम. पण ब्लॉक मागवणं आणि रिपोर्टचा पाठपुरावा हे त्या पदाच्या कामात लेखी असेल तर माझा विरोध बराच कमी होतो.

वॉर्ड_सिस्टर:
त्यात कॅज्युअल्टीत बदली करता येणार नाही हेही लिहा. आणि ती रजेवर असेल तेव्हा फोन कोण घेणार, त्या दुसऱ्या नर्सचं नावसुद्धा फाइलवरच हवं.