रविवारी मोर्चा झाला, सोमवारी काय करायचं?

वारज्याची_पोर

नमस्कार. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात वारज्याला राहते. आमच्याकडे रस्ता रुंद करायचाय म्हणून कडेच्या वड, पिंपळ, कडुलिंबांवर नोटिसा लागल्यात. रविवारी सकाळी आम्ही निषेध फेरी काढली. शाळेतली पोरं, सोसायट्यांमधले आजी-आजोबा, टेकडीवर रोज चालणारा ग्रुप, सगळे आले होते. पेपरात फोटोही आला. आता व्हॉट्सॲपवर नुसते हात जोडलेले येतायत आणि पुढचं कुणीच बोलत नाही. मुदत संपली की करवती येतील या विचाराने मला झोप लागत नाहीये. नगरसेवकांना भेटायचं, कोर्टात जायचं, की परत रस्त्यावर उतरायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

एरंडवण्याची_आजी

बाळा, सगळ्यात आधी नोटिशीवरची तारीख बघ. झाडांचा कायदा १९७५ चा आहे आणि हरकतीला सात दिवस मिळतात. फेरीच्या गडबडीत त्यातले किती गेले ते मोज. बाकी सगळं त्यानंतर.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी हेच करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हरकत महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने द्यायची आणि प्रत्येकाने आपली वेगळी द्यायची. एका पत्राखाली दोनशे सह्या घेतल्या तर फाइलमध्ये एकच कागद लागतो. दोनशे जणांनी स्वतंत्र लिहिलं तर दोनशे कागद आवकला नोंदवावे लागतात. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

हरकतीत 'झाडं वाचवा' एवढंच लिहू नका. झाडावरचा क्रमांक, जात, नेमकी जागा आणि बुंध्याचा घेर लिहा. शिंप्याकडची टेप घेऊन दोघी-तिघी जणी गेलात की सकाळभरात होतं. घेर का, तर त्यावरून झाडाच्या वयाचा अंदाज येतो. कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. सर्वेक्षणात तुमच्या वडाचं वय काय लिहिलंय यावर पुष्कळ ठरतं, म्हणून तो आकडा तुम्ही स्वतः तपासा. ढोल्या आणि घरटी असतील तर फोटो जोडा. झाड पदपथात किंवा दुभाजकात ठेवून रस्ता कसा होईल याचं साधं रेखाटनही जोडा. पर्याय कागदावर आला की अधिकाऱ्याला तो का नाकारला हे लिहिणं भाग पडतं.

आता तुझा सोमवार. २०१८ च्या शासन परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना महापालिकेत फाइल बघायची सोय केली. ती आपल्याकडे अजून चालू आहे का ते आधी विचारून घे. वही-पेन घेऊन जा. रस्त्याचा आराखडा, झाडांचं सर्वेक्षण आणि कामाचा आदेश, हे तीन कागद माग. माहिती अधिकाराचा अर्जही टाक. दहा रुपये लागतात, महाराष्ट्रात दीडशे शब्द आणि एकच विषय असा नियम आहे. पण त्याला तीस दिवस लागू शकतात, तोवर झाड आडवं झालेलं असेल. म्हणून आधी फाइल, अर्ज मागोमाग.

२०१३ मध्ये जुन्या हद्दीचा विकास आराखडा आला तेव्हा पुणेकरांनी ऐंशी हजारांवर हरकती दिल्या होत्या. घराघरातून माणसं कागद घेऊन रांगेत उभी राहिली होती. वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून एप्रिल २०२३ मध्ये जी गर्दी लोटली, तिच्यामागेही नकाशे घेऊन बसणारी माणसं होती. गर्दी हवीच. गर्दी दिसली की साहेब भेटीची वेळ देतात. त्या भेटीत टेबलावर ठेवायला तुमच्याकडे काहीतरी पाहिजे.

कोर्टाचं वकिलांना आत्ताच विचारून ठेव. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे म्हणून लोक तिकडे धावतात, पण वृक्ष कायदा त्यांच्या यादीत नाही. कुठे दाद मागायची यात चार दिवस घालवायची सोय नाही.

धायरी_ते_कोथरूड

मी रोज त्या भागातून दुचाकीवर जातो. पावसाळ्यात मुलीला मागे बसवून अरुंद रस्त्यावर ट्रकच्या बाजूने गाडी काढतो तेव्हा जीव मुठीत असतो. मला रस्ता हवाय. झाडंही हवीत, पण तुमच्या फेरीत मला कुणी विचारलं नाही. कडेला भाजीच्या गाड्या लागतात, त्यांनाही बहुतेक कुणी विचारलं नसणार. तुम्ही 'नागरिक' म्हणता तेव्हा त्यात आम्ही धरलेलो असतो का? हे मनापासून विचारतोय.

एरंडवण्याची_आजी

दादा, प्रश्न रास्त आहे. याच शहरात बाबा आढावांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली. पुढे १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. कचरा वेचणाऱ्या बायका मोर्च्याला आल्या त्या आपल्या पोटाच्या प्रश्नावर. वर्गणी भरून सभासद झाल्या, ओळखपत्रं मिळवली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. बैठकीत त्या स्वतः बोलायच्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्वदी उलटलेले बाबा फुलेवाड्यात उपोषणाला बसले तेव्हा भोवती जमलेल्यांत कष्टकरी होते, ते या नात्याने.

पोरी, भाजीवाल्यांकडे दुपारी जा, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. सावली गेली तर एप्रिलमध्ये त्यांचा माल किती वेळ टिकेल हे त्यांच्याच तोंडून ऐक आणि त्यांच्या शब्दांत हरकतीत लिही. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावं, तू लिहावं, वाचून दाखवावं, मग सही किंवा अंगठा. आणि या दादांना ट्रकची भीती नेमकी कोणत्या वळणावर वाटते ते विचार. रेखाटनात तेवढाच तुकडा रुंद दाखवता येतो का बघा.

वारज्याची_पोर

तारीख बघितली. चार दिवस उरलेत. आज संध्याकाळी टेप घेऊन सहा जणी निघतोय, त्यातली एक बॉटनीची आहे. दादा, ते वळण पुलाच्या अलीकडचं की पलीकडचं? उद्या सकाळी आठला तिथे येऊ शकाल का?

नगरसेवकांचं काय करू? चार वर्षं प्रशासक होते, आता निवडून आलेली माणसं आहेत, तर उपयोग होईल ना?

धायरी_ते_कोथरूड

अलीकडचं, रिक्षा स्टँडच्या समोर. साडेसातला येतो, आठला मला कामावर निघावं लागतं.

एरंडवण्याची_आजी

प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकच पत्र द्या, पक्ष बघू नका. पत्रात मागणी एकच ठेवा: हरकतींची सुनावणी होईपर्यंत काम थांबवावं. त्यांनी होकार दिला तर तो लेखी घ्या. परत जमायचं ठरलं तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या, पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावाला मनाई करणारा आदेश लागू आहे का ते विचारा, आणि स्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी काढा.

सोमवारी एकटी जाऊ नकोस. पावणेतीनला महापालिकेच्या मुख्य दाराशी भेट, मी येते.