मदत हवी आहे: भिंतीवरून चपटी एचडीएमआय आणि स्पीकरची वायर टाकावी का?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, जुनं, जाड दगड-मातीच्या भिंतींचं. भिंतीत खाच मारून पाइप टाकायला आबा नको म्हणतात आणि मला ते पटतं, पावसाळ्यात खालून ओल चढतेच, त्यात खाच मारली की गिलाव्याचे पोपडे हातात येतात. टीव्ही सोप्यात (बाहेरच्या खोलीत) दाराशेजारी लागणार, अँप्लिफायर आणि सेटटॉप बॉक्स समोरच्या फडताळात. आबांना हल्ली ऐकायला कमी येतं, टीव्हीच्या आवाजात बोललेलं कळत नाही, म्हणून दोन चांगले स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या जवळ लावायचेत. वायर भिंतीच्या कडेनं, चौकटीवरून वळवून न्यायची, अंतर साधारण ८ मीटर.

केसिंग पट्टी सगळ्या सोप्यात नको वाटते, म्हणून चपटी वायर बघतोय, चिकटवून वरून रंग मारता येतो.

स्पीकरच्या वायरीचं गणित मी करून बघितलं. जाऊन-येऊन १६ मीटर तांबं धरलं तर १.५ स्क्वेअर एमएम जाडीच्या वायरीला साधारण ०.१८ ओहम रेझिस्टन्स येतो, ८ ओहमच्या स्पीकरला हे काहीच नाही. ०.७५ ला ०.३७ च्या आसपास जातं, म्हणजे वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, त्या मर्यादेला टेकलं. त्यामुळं चपटी असली तरी आत तांबं किती हेच बघायचं, आकारानं आवाजात काही फरक पडत नाही असं माझं मत. पण एका दुकानातून नमुन्याचा तुकडा आणला, 'प्युअर कॉपर' म्हणून दिलेला. ब्लेडनं एक तार खरवडली तर वरचा लाल थर निघाला आणि आत पांढरं, म्हणजे अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. हिचा रेझिस्टन्स दीडपट तरी धरावा लागतो, आणि आमच्या ओलीच्या भिंतीत जोडाच्या टोकाला ती किती टिकणार. कोल्हापुरात खात्रीची तांब्याची चपटी वायर कुणी घेतली असेल तर साईज काय मिळाली ते सांगा, लक्ष्मीपुरीत शोधायची तयारी आहे.

खरी अडचण एचडीएमआयची, म्हणजे बॉक्समधून टीव्हीला चित्र आणि आवाज नेणाऱ्या केबलची. फोर के ६० हर्ट्झ (फोर के चित्र, सेकंदाला ६० वेळा) पूर्ण रंगांसकट पाहिजे तर १८ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट डेटा न्यावा लागतो. चपट्या केबलमध्ये आतल्या तारा बारीक आणि शिल्डिंगला (बाहेरचा अडथळा रोखणाऱ्या धातूच्या आवरणाला) जागा कमी, दोन मीटरला चालेल, ८ मीटरला मला धास्ती वाटते. शिवाय चौकटीच्या कोपऱ्यात ती आडवी वळत नाही, घडीच घालावी लागते, आणि घडी पडली की आतल्या तारांच्या जोड्यांचं अंतर बिघडतं. मग मध्येच पडदा काळा होणं, ठिपके चमकणं सुरू. वरून रंग मारल्यावर हे झालं तर परत उकरायचं कोण?

दुसरा पर्याय ऑप्टिकल एचडीएमआयचा, म्हणजे जिच्यात चित्र प्रकाशाच्या रूपात फायबरमधून जातं ती केबल. ती गोल पण बारीक असते, ८ मीटरला १८ जीबीपीएस आरामात नेते, फक्त सोर्सचं टोक आणि डिस्प्लेचं टोक ठरलेलं असतं, उलटी लावून चालत नाही. एवढ्या एका केबलपुरती छोटी पट्टी मारायला आबा तयार आहेत. पण टीव्हीवरच्या अॅपचा आवाज एआरसीनं त्याच केबलमधून मागं अँप्लिफायरला यायला पाहिजे, ते ज्यांनी वापरून बघितलंय त्यांनीच सांगावं, खोक्यावर लिहिलेलं मला पुरत नाही.

तर दोन गोष्टी विचारतो. ८ मीटर चपटी एचडीएमआय घडी घालून लावून वर्षभर तरी फोर के ६० ला नीट चाललीय असा कुणी आहे काय इथं? आणि ऑप्टिकलवर एआरसी विनातक्रार चालतं काय? टीव्ही आणि अँप्लिफायरचं मॉडेल पण सांगा म्हणजे ताडून बघता येईल. लाइटच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवणार आहे, त्याची काळजी नाही.

रंगारी पुढच्या सोमवारी येणार, त्याआधी केबल मागवायला पाहिजे.