पाऊस लांब दिसतो, वादळ नाही

"पाऊस अजून लांब आहे, तोवर बांधावर उभं राहून व्हिडिओ काढायला काय हरकत आहे?" वादळाचे व्हिडिओ काढणारे काही जण असं म्हणतात, आणि वर "जाणकारांना काही होत नाही" असंही सांगतात. हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आमचं वावर रावेर तालुक्यात आहे. वळवाच्या वादळात ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटते आणि पावसाच्या पुढे पसरते, म्हणून आधी धुळीची भिंत येते आणि थेंब नंतर. एका जूनमध्ये शेजारचा पोरगा ती भिंत मोबाइलवर टिपत उभा होता. गोठ्याचा पत्रा उडाला, त्याच्या खांद्याजवळून गेला आणि घड धरलेल्या केळीची तीन खोडं विळ्याने कापावी तशी कापून पलीकडे पडला. पोरगा वाचला, पण कितीतरी वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

विजेचंही तसंच. पावसापासून दहा-पंधरा किलोमीटरवरही ती पडू शकते. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. अंतर तीस सेकंदांहून कमी असेल तर पक्क्या घरात जा. झाडाखाली तर मुळीच नको.

आणि "जाणकारांना काही होत नाही" याबद्दल एवढंच सांगतो: टिम समारस हे अमेरिकेतले अतिशय सावध वादळ-संशोधक. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या एल रिनो गावाजवळच्या टॉर्नेडोने (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या वाऱ्याच्या सोंडेने) अचानक दिशा आणि वेग बदलला. त्यात ते, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी, तिघेही गेले.